स्पेनमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका: कागद, खोली आणि वर्ग

धामणगाव रेल्वेहून स्पेनला जायचं ठरलं की पहिलं काम तिकिटाचं नाही, नावाचं. गुणपत्रिकेवर 'राऊत स्वाती नामदेवराव', आधारवर 'स्वाती नामदेव राऊत', टीसीवर तिसरंच काही, हे आपल्याकडे घरोघरी असतं. तो 'राव' एकतर सगळीकडे ठेवा नाहीतर सगळीकडून काढा, आणि तेही पासपोर्ट काढायच्या आधी. पुढचा प्रत्येक कागद पासपोर्टवरचं नाव उचलतो.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगते. सरकारी शाळेत ऑक्टोबर ते मे. माझ्या नेमणुकीत आठवड्याला 14 तास आणि महिन्याला 800 युरो होते. तास आणि रक्कम प्रांताप्रमाणे बदलते. हा पगार नाही, शिष्यवृत्ती असते, म्हणून व्हिसाही विद्यार्थ्याचा. नेमणुकीचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी पोलीस क्लिअरन्सचा, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याच्या दाखल्याचा, अर्ज भरा. पासपोर्ट सेवेच्या साइटवर 500 रुपये फी भरायची, मग ठाण्यातून पडताळणीचं बोलावणं येतं. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणं अमरावतीला खोली करून, असं असेल तर फाइल इथेच अडकते. आधी पत्ता बदलून घ्या. दाखला मिळाला की त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण. सरकारी फी 50 रुपये, एजन्सीचे पैसे वेगळे. त्यानंतर स्पॅनिश भाषांतर. हा क्रम उलटा केला तर अपोस्टिलच्या मजकुराचं भाषांतर राहून जातं आणि परत खर्च बसतो. डॉक्टरच्या दाखल्यात 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख हवा. तालुक्याच्या डॉक्टरांकडे असा नमुना नसतो, तो टाइप करून न्या आणि लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या. व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी पोचवते, म्हणून वेळ दुपारच्या आतली पण अगदी पहिली नको अशी घ्या.

व्हिसा हातात आला की स्टिकरवर एक नंबर शोधा: सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात आकडे, शेवटी एक अक्षर. हा तुमचा निए, परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. तो वहीत लिहून ठेवा आणि पाठ करा.

तिथे पोचल्यावर सगळं खोलीपासून सुरू होतं. खोली घेताना भाड्याआधी एकच प्रश्न विचारा: पाद्रोनवर नाव लावू द्याल का? पाद्रोन म्हणजे नगरपालिकेची रहिवासी नोंद. पुष्कळ घरमालक नाही म्हणतात, आणि स्वस्त खोली बहुतेक त्यामुळेच स्वस्त असते. नोंद नसेल तर पुढे ओळखपत्राला अडचण येते. मालकाबरोबरचा करार आणि पासपोर्ट घेऊन नगरपालिकेत जायचं. बहुतेक कार्यालयं दुपारी दोनला बंद होतात आणि शाळाही त्याच वेळेत असते. शाळेने वेळापत्रक विचारलं की चार दिवसांचं मागा. पुष्कळ शाळा देतात, आणि तो रिकामा दिवस कागदांसाठी लागतोच.

ओळखपत्राचं नाव तिए. देशात उतरल्यापासून एक महिन्याच्या आत अर्ज करायचा असतो. पोलिसांच्या साइटवर आधी वेळ घ्यावी लागते, तिला सिता प्रेव्हिया म्हणतात. वेळ मिळणं हाच खरा कस आहे. नवीन तारखा सकाळी लवकर उघडतात असा माझा अनुभव, तेव्हा उठून बसा. बरोबर लागतं: ई-एक्स 17 फॉर्म, 790 कोड 012 या फॉर्मची बँकेत भरलेली पावती, साधारण 16 युरोची, पाद्रोनचा दाखला, नेमणुकीचं पत्र, पासपोर्टच्या प्रती आणि 32 बाय 26 मिलिमीटरचा फोटो. आपल्या स्टुडिओतला 35 बाय 45 चा फोटो कापून चालत नाही, कारण त्यात चेहरा मोठा येतो. स्टेशनवरच्या यंत्रात काढा. विमान फ्रँकफर्टमार्गे असेल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, म्हणून स्पेनला उतरल्याचा बोर्डिंग पास जपून ठेवा.

आता परत नावाकडे येते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. तिथल्या फॉर्मला तीन चौकटी: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. स्पॅनिश माणसाला वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात. 'स्वाती नामदेव राऊत' हे तीन शब्द दिसले की खिडकीवरचा माणूस 'नामदेव' पहिल्या आडनावात आणि 'राऊत' दुसऱ्यात टाकून मोकळा होतो. माझ्या बँक खात्यावर अगदी असंच झालं. खात्यावर एक आडनाव, व्हिसावर दुसरं, आणि मानधन देणाऱ्या कार्यालयाने फाइल परत पाठवली. दुरुस्तीला दोन आठवडे गेले. तिसरी चौकट कोरी ठेवायला सांगा, व्हिसाच्या स्टिकरवर बोट ठेवून दाखवा, आणि सही करण्याआधी त्यांच्या स्क्रीनवर वाचून बघा.

तसंही पहिला हप्ता वेळेवर येईल असं धरू नका. दोन ते तीन महिन्यांचा खर्च आणि खोलीची अनामत जवळ हवी. रोख परकीय चलन 3000 डॉलरपर्यंतच नेता येतं, बाकी फॉरेक्स कार्डवर. निघण्याआधी भारतातल्या सिमचं रोमिंग चालू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी तिथे येणार नाही आणि आईबाबांना पैसे पाठवणंही थांबेल.

सामानात तूप, पेढे, खव्याची संत्रा बर्फी घेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. ताजी संत्री तर दाखल्याशिवाय नाहीच. भिवापुरी तिखट, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ घ्या. बेसन मिळतं, आरीना दे गार्बान्सो नावाने, पण ज्वारी शोधावी लागते.

वर्गात त्या वर्गाचा नेहमीचा शिक्षक हजर असायलाच हवा. एकटीवर वर्ग सोपवला तर नम्रपणे सांगा की नियमात बसत नाही. मुलं पहिल्या नावाने हाक मारतात, त्यात अनादर नाही. ओळख करून देताना तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी न्या. सरकी काढलेली मूठभर रुई न्या. सरकीसकट नको, कारण बियाण्याला दाखला लागतो. शर्ट कशाचा ते हाताला कळलं की प्रश्न थांबत नाहीत.

आणि एका बाबतीत आपण वऱ्हाडातले लोक खूप तयारीचे आहोत. स्पॅनिश मुलं 'स्पीक'ला 'एस्पीक' म्हणतात, 'स्कूल'ला 'एस्कूल'. आपल्या गावातली पोरं 'इस्कूल', 'इस्टँड' म्हणतात, दुखणं तेच. शब्दाच्या तोंडी 'स' आणि लगेच दुसरं व्यंजन आलं की जीभ आधी स्वर लावून घेते. 'ए काढा' म्हणून रागावल्याने जात नाही. आधी नुसता 'स्स्स' तीन सेकंद लांबवायचा, दातांतून वारा निघत राहिला पाहिजे. मग न थांबता 'पीक' जोडायचं: स्स्स्पीक. मागे सरकत शिकवायचं असेल तर 'दिस स्कूल' म्हणायला लावा, मग 'दिस' हळूहळू पुसत न्या. रोज पाच मिनिटं, आठ-दहा शब्द, त्याहून जास्त नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन-चार मुलांचा 'ए' गळतो, आणि मग ती बाकीच्यांना सुधारायला लागतात.