तुम्ही विचारलंत म्हणून: टोलेडोला गाईड कशाला?

स्पेनमध्ये माद्रिदला निघालेलं कुणी ना कुणी मला जवळच्या टोलेडो गावाबद्दल हेच विचारतं: "टोलेडो एका दिवसात होतं ना? मग आपल्यापुरता वेगळा गाईड कशाला? सगळं मोबाइलवर असतंच की." आजवर फोनवर तुटक तुटक सांगत आले, आता एकदाच नीट लिहिते.

घ्याच. पैसे जातात, पण घ्या.

पहिल्यांदा मी बसच्या सहलीतून गेले होते, चाळीसेक जणांत. तलवारींच्या दुकानात पाऊण तास गेला आणि ज्या चित्रासाठी मी एवढ्या लांब आले होते, त्याच्यासमोर जेमतेम चार मिनिटं मिळाली. परतीच्या बसमध्ये मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती, म्हणून टोलेडोतच राहणारी एक परवानाधारक गाईड दोघींपुरती ठरवली.

ते चित्र सांतो तोमे चर्चमध्ये आहे. एल ग्रेकोने १५८६ ते १५८८ या काळात काढलेलं 'ओर्गासच्या काउंटचं दफन', जवळजवळ पावणेपाच मीटर उंच. गाईडबाईंनी आम्हाला लगेच आत नेलंच नाही. बाहेर सावलीत उभं करून आधी गोष्ट सांगितली. ओर्गासचे हे जहागीरदार १३२३ मध्ये वारले. या चर्चला दरसाल मेंढ्या, कोंबड्या, वाइन, सरपण आणि रोख रक्कम द्यावी, असं ते गावाला बांधून देऊन गेले होते. पुढे गावाने देणं थांबवलं. इथल्या धर्मगुरूंनी गावाला कोर्टात खेचलं, १५६९ मध्ये खटला जिंकला आणि मग एल ग्रेकोला हे चित्र काढायला सांगितलं. मी भाषांतर करत होते, पण आईला त्याची फारशी गरजच पडली नाही. "म्हणजे वर्षासन बुडवलं," ती म्हणाली. "आमच्या देवळाचंही असंच झालं होतं."

मग आत गेलो. खाली काळ्या कपड्यांतली माणसं दाटीने उभी, दोन संत काउंटचा देह उचलून थडग्यात ठेवताहेत, वर सगळा स्वर्ग उघडलेला. गाईडबाईंनी मात्र डावीकडच्या लहान मुलाकडे बोट केलं. हातात मशाल धरून तो आपल्याकडे बघतो. त्याच्या खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक बाहेर आलंय आणि त्यावर चित्रकाराची सही आहे, साल १५७८. चित्र तर त्यानंतर आठ वर्षांनी सुरू झालं! ते साल त्या मुलाच्या जन्माचं. तो एल ग्रेकोचा मुलगा. पहिल्या खेपेला मी याच चित्रासमोर उभी होते आणि मला रुमाल दिसलाही नव्हता.

कॅथेड्रलबद्दल फार लिहीत नाही. १२२६ च्या सुमारास सुरू होऊन १४९३ मध्ये पुरं झालेलं ते काम कुणालाही थक्क करतंच, तिथे गाईड नसला तरी चालेल. पण त्रान्सितोच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात, हवा. कास्तीय या तेव्हाच्या राज्याचा राजा पेद्रो, त्याचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकात ते बांधलं. भिंतींवरच्या चुन्याच्या नक्षीत हिब्रू वचनं आहेत, अरबी अक्षरं आहेत आणि कास्तीयच्या राजघराण्याचं चिन्हही. तिन्ही एकाच खोलीत. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं आणि पुढे याचं चर्च झालं. नुसतं बघणाऱ्याला ती छान नक्षी वाटते. कुठली ओळ कुणाची, हे कुणीतरी बोटाने दाखवावं लागतं.

आम्ही भारतातल्या, हे कळल्यावर बाईंनी एक गोष्ट फार आवडीने सांगितली. अकराव्या शतकात टोलेडोत साईद अल-अंदलुसी नावाचा काझी होता. विद्या जोपासणाऱ्या देशांबद्दल त्याने ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान हिंदुस्थानला दिला. पुढच्या शतकात याच गावात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले जात होते. त्यांत गणिती अल-ख्वारिझ्मी याचं बीजगणितही होतं. हे ऐकताना मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

आता कामाचं. गाडी अतोचा स्टेशनवरून घ्या, अर्ध्या-पाऊण तासात पोचते. सोमवारी जाऊ नका, त्रान्सितो बंद असतं. गुडघे दुखत असतील तर गाईडला आधी सांगा. तटाखालून वर जायला सरकते जिने आहेत, आमच्या बाईंनी आईला तिथूनच नेलं. शाकाहारी असाल तर पिस्तो मागवा, टोमॅटो-सिमला मिरचीची परतलेली भाजी. वर अंडं नको, हे मात्र बजावून सांगा. आणि गाईड अर्ध्याच दिवसाची ठरवा, म्हणजे दुपार तुमची राहते. आम्ही दुपारी नदीवर जाणार होतो. त्याऐवजी पुन्हा तिकीट काढून सांतो तोमेत गेलो. आईला तो रुमाल परत बघायचा होता.