"बसतोय की!"
आजचा अख्खा दिवस एका भोकात गेला. जुन्या ब्रिटिश गाडीचं इंजिन, ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड, आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाचा बोल्ट आवळायला गेलं की नुसता गरगर फिरतोय. काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा कीस गुंडाळलेला.

कारण लगेच कळलं. मूळ बोल्ट ५/१६ इंची, इंचाला १८ आटे. कधीतरी कुणीतरी तिथे ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट घुसवला. जाडी जवळजवळ तीच (५/१६ म्हणजे ७.९४ मिमी), पण आटे इंचाला साधारण २०. पहिले एकदोन फेरे गुमान जातो, मग पान्याने जोर दिला की मऊ धातू सोलून काढतो. "बसतोय की!" म्हणणाऱ्यांनी जुन्या गाड्यांची जेवढी वाट लावलीय, तेवढी गंजानेही लावली नसेल.

शेवटी हेलिकॉइल, म्हणजे खराब भोकात बसवून नवे आटे देणारं तारेचं वेटोळं. ८.३ मिमीचं ड्रिल, मग हेलिकॉइलचाच टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार (साधा चालत नाही), वर रॉकेलचे थेंब. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. इथे घाई नको, कारण आत तुटलेला टॅप साध्या ड्रिलला दाद देत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस तिथेच चिकटतो, इंजिनात पडत नाही. तारेचं वेटोळं पृष्ठभागापासून पाव-अर्धा फेरा खाली बसवलं, तळाची शेपटी तोडून चिमट्याने उचलली.

बोल्ट झकास आवळला गेला. उद्या बाकीच्या बोल्टांना आट्यांचं गेज लावणार. तो गृहस्थ एकावर थांबला असेल असं वाटत नाही.