सासूबाईंच्या आजोबांचा बोनान्झा

कॅनडाच्या युकॉन भागातला व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी हा क्लोंडाइक हायवे पाचशे किलोमीटरहून थोडा जास्त. वाटेत वस्ती म्हणावी अशी कारमॅक्स, पेली क्रॉसिंग, आणखी एखादी. पंप दिसला की टाकी भरून घ्यायची. बाकी नुसतं स्प्रूसचं जंगल, वणव्याने जळालेल्या टेकड्यांवर फुललेलं गुलाबी फायरवीड आणि मधूनच दिसणारी युकॉन नदी. फाइव्ह फिंगर रॅपिड्सपाशी सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे आजोबा 1898 मध्ये होडीतून याच खडकांमधून पुढे गेले.

सोनं सापडलं होतं ऑगस्ट 1896 मध्ये, रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यावर. त्यालाच पुढे बोनान्झा म्हणू लागले. बातमी बाहेर पोचल्यावर सुमारे एक लाख माणसं निघाली, तीस-चाळीस हजार पोचली, आणि तोवर चांगल्या ओढ्यांवरचे क्लेम, म्हणजे सोनं काढायच्या हक्काचे जमिनीचे तुकडे, कधीच नोंदले गेले होते. घरात सगळे ‘आजोबांची सोन्याची खाण’ म्हणत आले, पण त्यांची पत्रं सांगतात की ते दुसऱ्याच्या क्लेमवर मजुरी करत होते.

आणि मजुरी तरी कसली! जमीन बारमाही गोठलेली. रात्रभर जाळ करायचा, सकाळी धूर ओसरला की सैल झालेली तेवढीच माती उपसायची, पुन्हा जाळ. असं करत करत खालच्या कातळापर्यंत उतरायचं. वर काढलेली खडी हिवाळाभर तशीच पडून. वसंतात ओढे वाहू लागले की ती लाकडी पन्हळीतून धुवायची. वर्षाची खरी कमाई तेव्हा कळायची. मला तर खाणीच्या मालकीपेक्षा याच कष्टांचा अभिमान वाटतो.

पुढे यंत्रं आली. बोनान्झावर आजही ड्रेज नंबर 4 हे खडी उपसणारं अजस्र यंत्र उभं आहे, 1912 मध्ये बांधलेलं, आठ मजली उंच. अशा ड्रेजनी उपसून टाकलेल्या गोट्यांच्या राशी खोरंभर पसरल्या आहेत.

पण सासूबाईंना हलवलं ते डॉसनमध्ये ऐकलेल्या हकिकतीने. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी हान या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा मासेमारीचा जुना तळ होता. गर्दी वाढली तसे मुखिया आयझॅक आपल्या लोकांना घेऊन युकॉन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड या ठिकाणी गेले. आपली गाणी हरवू नयेत म्हणून त्यांनी ती अलास्कातल्या नातलगांकडे सोपवली. “आमच्या घरी हे कुणी कधी बोललंच नाही,” सासूबाई म्हणाल्या. आजोबांची पत्रं नातवंडांसाठी टाइप करून घ्यायचं चाललंच होतं. आता त्या वहीचं पहिलं पान मूसहाइडचं असेल, असं त्यांनी परतीच्या वाटेवरच ठरवून टाकलं.