तिसऱ्या बाळाची नोंद

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आमच्या उपकेंद्रात पुरुषमाणसांची वर्दळ वाढायची. एरवी पोलिओच्या रविवारीही न फिरकणारी माणसं. यायची, बाकावर टेकायची, पाऊसपाण्याचं बोलायची आणि मग मुद्द्यावर यायची. "सिस्टर, अमक्याच्या सुनेचं तिसरं कधी झालं हो? तुमच्या रजिस्टरला असंलच की."

मी आरोग्य सेविका होते, मराठवाड्यात. नोकरीचा बहुतेक काळ उपकेंद्रातच गेला. गरोदर बाईची नोंद, तिच्या गोळ्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, बाळंतपण, बाळाची बीसीजी, गोवर, सगळं त्या जाडजूड रजिस्टरात. ते लिहायचं कारण एकच, कुठलं बाळ लसीवाचून राहू नये. पण महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर पंचायतीचं सदस्यपद जातं. तेव्हापासून त्याच रजिस्टराला भलतीच किंमत आली. हरलेला उमेदवार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो आणि पुरावा म्हणून जन्माचा दाखला, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड लावतो. तोंडी विचारणाऱ्यांना मी कधी उत्तर दिलं नाही. मग ते माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे.

याचा परिणाम बायांवर काय झाला, ते मी रोज पाहत होते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, म्हणून आम्ही घसा कोरडा करायचो. दोन लेकरांची आई आणि घरात कुणी पंचायतीत असलं, की ती तिसऱ्या खेपेला माझ्यासमोर यायचीच नाही. रक्त किती आहे कळत नाही, बीपी कळत नाही. बाळंतपण कुठेतरी लांब, नोंद भलत्याच नावावर. त्या लेकराच्या लसी कोण देणार?

आमच्या गावात एक सरपंच बाई होती. नाव लिहीत नाही. जागा महिलांसाठी राखीव होती म्हणून सासऱ्यांनी उभी केली, पण निवडून आल्यावर तिने कारभार खरोखर हातात घेतला. शाळेला मुलींसाठी संडास तिच्या काळात झाला, हातपंपाजवळची गटार तिने उभं राहून करून घेतली. तिला दोन मुली होत्या. दुसरीनंतर ऑपरेशन करून घ्यायची तिची तयारी होती. शिबिराचा दिवसही ठरला होता. सासू आडवी पडली. वंशाला दिवा नको का?

दिवस राहिले तेव्हा घरात दोनच गोष्टी बोलल्या गेल्या. पोट पाडायचं, की पद सोडायचं. मुलगा असेल तर ठेवू, हे तिसरं वाक्य कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. शेवटी तिला दुसऱ्या जिल्ह्यात लांबच्या नातेवाइकांकडे ठेवलं. मुलगा झाला. कागदावर तो जावेचा झाला. आता तो शाळेत जातो आणि जिने त्याला जन्म दिला, तिला काकू म्हणतो. एवढं करूनही तक्रार झालीच आणि तिचं पद गेलं. नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही, तो कुठल्या पदावर नव्हताच. सासूला तर नाहीच नाही.

मूल दत्तक दिलं, दुसऱ्याच्या नावावर केलं म्हणून कायद्यातून सुटका होत नाही. ओडिशातल्या एका आदिवासी सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं. हरियाणाचा असाच नियम याच न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवला होता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मी त्या घरात गेलेली आहे, म्हणून मला ते पटत नाही.

मध्य प्रदेशच्या मुख्य सचिव राहिलेल्या निर्मला बुच यांनी आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थानात या नियमाचा अभ्यास केला होता. बायकोला सोडून देणं, मूल आपलं नाहीच म्हणणं, लेकरू दुसऱ्याला देऊन टाकणं, गर्भपात, हे सगळं त्यांना दिसलं. ते वाचताना मला प्रत्येक ओळीला आपल्याकडचा एकेक चेहरा आठवत होता.

मला चुकीचं समजू नका. छोटं कुटुंब हे माझ्या आयुष्याचं काम होतं. तांबी बसवली, गोळ्या वाटल्या, भर उन्हात बायांना घेऊन शिबिरांना गेले. चौथ्या-पाचव्या बाळंतपणात पांढरीफटक पडलेली बाई पाहिली की पोटात कालवतं. पण हे समजावून करायचं काम आहे, धाकाने नाही. धाकाचं काय होतं, ते या देशाने १९७६ मध्ये पाहिलंय. त्या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. आपल्या महाराष्ट्राने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते राहिलं. त्या वर्षाचा धसका पुरुषांनी असा घेतला, की पुढे माझ्या अख्ख्या नोकरीत पुरुषाची केस मिळणं म्हणजे सणच. आज महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचं शंभरात एकाचंही नाही. पुरुषांवर केलेल्या सक्तीची भरपाई बाया अजून करतायत.

कुणी म्हणतं, नियम होता म्हणून लोकसंख्या आटोक्यात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ ला महाराष्ट्रात एका बाईमागे २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ वर आली. पण केरळ आणि तमिळनाडूत पंचायतीला असला नियम नाही, तिथेही आकडा १.८ आहे. मुलगी दहावी-बारावीपर्यंत शिकली, लग्न चार वर्षं पुढे गेलं, झालेली दोन्ही लेकरं जगतील याचा भरवसा आला, की पाळणा आपोआप थांबतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गोवराने लेकरं जायची, तेव्हा कुठली आई दोनवर थांबायला तयार होती?

आणि दोनवर थांबवलं, पण मुलगा हवाच हे मनातून काढलं नाही, तर काय होतं? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. दहा वर्षांपूर्वी त्याच बीडमध्ये ८९४ होत्या. याला एकटा पंचायतीचा कायदा जबाबदार, असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफीची मशीनं होती, हुंडा होता, उसतोडीला जाणाऱ्या घरात मुलीच्या जपणुकीची भीती होती. पण ज्या घरात मुलगा पाहिजेच आणि मुलं दोनच चालतील, तिथे कमी कोण होणार हे सांगायला ज्योतिषी नको. दोन मुलींवर ऑपरेशन करणारं जोडपं माझ्या भागात फार थोडं असायचं. ज्यांनी केलं, त्यांच्या घरी मी पेढे घेऊन गेले आहे.

सरकारी नोकरीलाही हीच अट आहे. २८ मार्च २००६ नंतर तिसरं अपत्य असलं की नोकरीला अपात्र, अर्जासोबत लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. कर्मचारी सेवेत असताना वारला आणि ३१ डिसेंबर २००१ नंतरचं तिसरं मूल असलं, तर घरच्यांना अनुकंपा नोकरीही नाही. बाप गेलेल्या घरातल्या अठरा वर्षांच्या थोरल्या मुलीला तुम्ही सांगता, की तुझा धाकटा भाऊ जन्मला म्हणून तुला नोकरी नाही. तिने काय केलं होतं?

हरियाणा, हिमाचल, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडने हा नियम पंचायतीतून कधीच काढला. आंध्रने २०२४ मध्ये काढला, पण आता तिथले मुख्यमंत्री जास्त मुलं जन्माला घाला म्हणतात. म्हणजे पुन्हा बाईच्या पोटावरच बोलणं. महाराष्ट्रात हे कलम अजून आहे. ते रद्द करा, असं निवेदन आम्ही काही निवृत्त सेविका मिळून तयार करतोय. अनुकंपेची अटही त्यात घातली आहे. ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांच्या घरी असं घडलंय, त्यांनी खाली कळवा. नावं कुठेही येणार नाहीत.