केमिस्ट्रीची री-एक्झाम आणि बागेतलं बॅरल

बारावीला बाकी सगळ्यात निघालो आणि केमिस्ट्रीत उडालो. घरी कारण सांगितलं की तासगावकडनं सांगलीला एसटीनं जाईपर्यंत पहिलं लेक्चर अर्ध संपलेलं असायचं, दहावीपर्यंत मराठी मिडीयम, वगैरे. पण खरं म्हणजे मी नुसतं पाठ करत होतो, कळत काहीच नव्हतं. जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "आता अभ्यास बी करायचा आन् बागेत बी यायचं, घरात बसून काय कलेक्टर लागून गेलायस व्हय."

आत्याची मुलगी एमेस्सी केमिस्ट्री झालेली. ताईकडं रोज संध्याकाळी वही घेऊन जायला लागलो. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, बाँड, म्हणजे दोन अणूंमधला जोड, तुटला की एनर्जी बाहेर पडते का आत घ्यावी लागते? मी म्हटलं बाहेर, फटाका फुटतो तशी. ती म्हणाली, "इथंच नापास झालास तू." तोडायला कायम एनर्जी घालावी लागते, बाहेर पडते ती नवीन बाँड जुळताना. मग तिनं हिशोबच मांडला. हायड्रोजनचा बाँड तोडायला ४३६ किलोज्यूल, क्लोरीनचा २४२, म्हणजे खर्च ६७८. नंतर एचसीएलचे दोन बाँड जुळतात, प्रत्येकी ४३१, म्हणजे जमा ८६२. वरचे १८४ उष्णता म्हणून बाहेर. अडत्याच्या पट्टीसारखंच की हे, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात काय उरलं तेवढं बघायचं. मी विचारलं, उरले तर मग डेल्टा एच, म्हणजे रिॲक्शनच्या उष्णतेचा आकडा, मायनस कसा? "वही रिॲक्शनची आहे रे, तुझी नाही. तिच्या खिशातनं गेले १८४." दोन वर्षं जे चिन्ह मी अंदाजपंचे टाकत होतो ते त्या दिवसापासून एकदा पण चुकलं नाही.

पावसाळा सुरू झालेला, डाउनीच्या, म्हणजे पानांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाच्या, भीतीनं बोर्डो मारायचं चाललेलं. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे साधारण १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचंच मीठ, कॉपर सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद एका प्लास्टिकच्या बॅरलात, चुना दुसऱ्यात. चुनकळीवर पाणी ओतलं की ती फसाफसा उकळायला लागते, बादलीला हात लावता येत नाही. ढेकळं असली की जरा थांबून तापते आणि भुगा असला की लगेच, हे मी लहानपणापासून बघतोय, पण पुस्तकातला सरफेस एरिया, म्हणजे पाणी लागायला मिळणारी जागा, तो हाच हे कधी डोक्यात आलं नाही. दोन्ही एकत्र केलं की आबा घासून चकचकीत केलेलं खुरपं त्यात बुडवतात. खुरप्यावर तांबूस थर आला की म्हणायचे, "चुना कमी पडलाय, टाक अजून." कारण तांबं अजून मोकळं आहे, ते लोखंडावर येऊन बसतं, आणि तसंच फवारलं तर पानं करपतात. आमची लॅब प्रॅक्टिकलपुरती उघडायची, आणि इथं आबा दर फवारणीला टेस्ट घेत होते.

ह्या बॅरलनंच माझा दुसरा घोळ काढला. मला वाटायचं जितकी जास्त उष्णता तितकी रिॲक्शन फास्ट. चुना तापतो पण आणि लगेच होतो पण, मग काय चुकलं? ताई म्हणाली, शेडच्या पत्र्याचे खिळे बघ. गंजताना पण उष्णताच बाहेर पडते, पण वर्षं लागतात. आणि युरिया पाण्यात टाकला की बघता बघता विरघळतो आणि बादली गार पडते. आता विरघळणं आणि रिॲक्शन एक नाही हे तिनं दोनदा बजावलं, पण मुद्दा तोच, किती उष्णता हा एक प्रश्न आणि किती वेळात हा दुसरा, आणि मी दोन्हीला एकच उत्तर लिहून येत होतो.

वेळ ठरते मधल्या चढावर, म्हणजे रिॲक्शन व्हायला आधी जी एनर्जी लागते त्या ॲक्टिव्हेशन एनर्जीवर. तिनं खंबाटकी घाटाचं उदाहरण दिलं. साताऱ्याहनं पुण्याला जाताना बोगदा, कॅटॅलिस्ट, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, तो तसाच. निघायचं ठिकाण तेच, पोचायचं तेच, म्हणून डेल्टा एच बदलत नाही, फक्त चढ कमी. मी म्हटलं पण पुण्याहनं येताना घाटच चढावा लागतो की. ती हसली, म्हणे उदाहरण तिथं फसतं, खरा कॅटॅलिस्ट दोन्ही बाजूंनी चढ कमी करतो.

न्यूमेरिकल मात्र रडत-रडतच झाले. २५ अंशावरनं ३५ वर नेलं की वेग दुप्पट होतो, तर ॲक्टिव्हेशन एनर्जी काढा. लॉग टेबल घेऊन बसलो, उत्तर आलं ५०४ ज्यूल, मी खूश. ताईनं वही बघितली आणि म्हणाली, "अर्धा किलोज्यूल? एवढाच चढ असता तर दूध काढता काढताच नासलं असतं." मी २५ आणि ३५ तसेच घातलेले, २७३ मिळवून केल्विन केलेच नव्हते. २९८ आणि ३०८ घातल्यावर ५२.९ किलोज्यूल आलं. तेव्हापासून उत्तर आलं की आधी दुधाचा विचार करतो, हसू नका, चालतं ते.

पेपर बरा गेला. ७० मार्कांचा, तीन तास, कोऑर्डिनेशन कंपाउंडचा एक प्रश्न सरळ सोडला, तो अजून पण येत नाही. निकाल लागला तेव्हा मी बागेत बॅरल ढवळत होतो, मित्राचा फोन आला, पास. आबांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, आणि खुरपं माझ्या हातात दिलं. बुडवून काढलं तर लाल.