कोन फिल्टर, सात रस्ता आणि ६४ अंश

मागच्या नोंदीत गाडीला कोन फिल्टर (मूळ बंद डब्याऐवजी इंजिनाशेजारी उघडाच बसणारा, तेल लावलेल्या सुती जाळीचा, शंकूच्या आकाराचा हवेचा फिल्टर) बसवल्याचे मी मोठ्या तोऱ्यात कळवले होते. तो तोरा मध्यंतरी एका दुपारी सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलवर उतरला. बाहेर ३९ अंश असताना ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे उपकरण) इनटेकच्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या, हवेचे तापमान चढत चढत ६४ अंशांवर जाऊन थांबले. एवढ्या फरकाने त्याच दाबाच्या हवेची घनता सुमारे ७ टक्क्यांनी घटते, म्हणजे मोकळ्या फिल्टरने जी काही ताकद कमवावी ती रेडिएटरचा पंखा मागे फेकत असलेल्या झळांतच संपते. पुणे महामार्गावर वेग धरला की आकडा ४५ पर्यंत उतरतो, परंतु माझी गाडी बहुतेक वेळ शहरातच असते.

गेले दोन रविवार आडोशापायी गेले. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये उभा केला, तेव्हा जेमतेम ३ अंशांचा फरक पडला, कारण पत्रा आणि बोनेट यांच्यातील दोन बोटांच्या फटीतून गरम हवा आत शिरतच होती. ती फट दाराच्या रबरी बीडिंगने बुजवल्यावर ५७ अंश दिसले, आणि तो आकडा मी घरात इतक्यांदा सांगितला की अखेर आईने चहाचा कप हातात देऊन विषय मिटवला. मात्र पाच मिनिटे खोळंबल्यावर पत्राच तापतो आणि आकडा पुन्हा साठीकडे सरकतो. ज्या विक्रेत्याने ‘कोल्ड एअर’ म्हणून हे किट गळ्यात मारले, त्याने खोक्यात थंड हवेची नळीच दिली नव्हती. क्लॅम्प तेवढे उत्तम आहेत.

म्हणून फॉग लॅम्पशेजारून ३ इंची नळी वर आणण्याचा बेत होता. पण इतक्या खालच्या तोंडातून पावसाळ्यात इंजिनाने पाणी ओढले, तर ते दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हे लिहितानाच माळ्यावरचा मूळ एअरबॉक्स (कंपनीचा फिल्टरचा बंद डबा) आठवला: त्याचे तोंड ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वर आणि पुरेसे उंच आहे. शिवाय फिल्टरमागची, थ्रॉटलकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जाणारी नळी आतून पांढऱ्या सोलापुरी टॉवेलच्या तुकड्याने पुसली, तर त्यावर होटगी रस्त्याची करडी धूळ आली. फिल्टरला तेल कमी पडले असावे किंवा क्लॅम्प मीच नीट आवळला नसावा. त्यामुळे मूळ डब्यात तेल लावलेली सुती जाळी न घालता आधी नवा कागदी फिल्टरच घालेन आणि रविवारी त्याच सिग्नलवर, त्याच वेळी आकडा टिपेन. पत्रा मात्र वाया जाणार नाही. डब्याच्या इंजिनाकडील बाजूला तो अर्धा इंच कापल्यास बसतो, हे आताच मोजून पाहिले.