तेवीस नंबरच्या नोडपाशी

चांदिवलीतल्या एका औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या गोदामात आम्ही तीन रोबो आणि चाळीस वायरलेस सेन्सर नोड बसवले होते. एखाद्या रॅकचे तापमान वाढले की तिथला नोड खबर देई, गेटवे (नोड आणि रोबो यांच्यातले निरोप पोचवणारे मधले यंत्र) तिथे जाऊन पाहण्याच्या कामाचा लिलाव पुकारी आणि प्रत्येक रोबो वाटेची लांबी व बॅटरीत उरलेला चार्ज यांचा हिशेब करून बोली लावी. ज्याची बोली कमी, त्याला काम. ही रीत जुनीच, ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ या नावाने रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली.

जुलैतल्या एका दुपारी स्टोअरकीपर मला बोलवायला आले. “मॅडम, तुमची दोन पोरं भांडतायत.” जाऊन पाहते तो तेवीस नंबरच्या नोडपाशी, रॅकमधल्या जेमतेम मीटरभर वाटेत एक आणि तीन नंबरचे रोबो समोरासमोर उभे होते. पुढे अडथळा आहे म्हणून दोघेही थांबलेले, दोघांचेही पिवळे दिवे लुकलुकत होते, आणि काम आपलेच असल्याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती.

माझा पहिला संशय बोलीच्या सूत्रावर गेला आणि त्यात तास फुकट गेला. (आधी आपले गणित तपासायचे आणि हवेकडे शेवटी पाहायचे, ही आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड.) बोल्या अचूक होत्या. गेटवेचा लॉग ओळीने वाचला तेव्हा उलगडले, की काम एक नंबरलाच मिळाले होते आणि त्याने तीनदा पोचपावतीही पाठवली होती. ती तिन्ही वेळा हरवल्यामुळे तो बंद पडला असे समजून गेटवेने तेच काम तीन नंबरला दिले होते. आमचे नोड सतराव्या चॅनलवर, म्हणजे २४३५ मेगाहर्ट्झवर बोलत; शेजारच्या गाळ्यातला वायफाय सहाव्या चॅनलवर, २४३७ वर. गेटवे नेमका त्याच सामाईक भिंतीवर टांगलेला, आणि जेवणाच्या सुट्टीत पलीकडे मोबाइलवर क्रिकेटचा सामना चाललेला. त्यामुळे गेटवेचे बोलणे रोबोंना ऐकू जाई, पण त्यांचे उत्तर त्या गोंगाटात बुडे.

नेटवर्क सव्विसाव्या चॅनलवर, २४८० मेगाहर्ट्झवर, हलवले. तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, कारण पोचपावती उद्या दुसऱ्या कारणाने हरवेल, आणि पोचपावतीची पोचपावती मागितली तर शंका फक्त एक निरोप पुढे सरकते. म्हणून शेवटचा शब्द नोडकडे दिला: जवळ पोचलेल्या रोबोने त्यालाच विचारायचे, पहिल्याची नोंद करून त्याने दुसऱ्याला परत पाठवायचे.

संध्याकाळी गेटवेला मुद्दाम पोचपावत्या टाकून द्यायला लावून पाहिले. पुन्हा दोघे आले. तीन नंबर क्षणभर थांबला आणि मागच्या मागे वाटेबाहेर गेला. तेवीस नंबरच्या रॅकचे दुपारचे तापमान मात्र स्टोअरकीपरनी हातातल्या थर्मामीटरने घेऊन केव्हाच वहीत लिहून ठेवले होते.